किलीमांजारोला निघताय? मग माचामे गेटवरचा पहिला दिवस आधी वाचा

टांझानियातल्या किलीमांजारो डोंगराचा विषय निघाला की सगळे डायरेक्ट समिट नाईटवर, म्हणजे शिखर गाठायच्या रात्रीवर येतात, किती थंडी होती, कशी वाट लागली वगैरे. मला विचाराल तर निम्मे हाल पहिल्याच दिवशी गेटवर ठरलेले असतात, आणि ते बॅग कशी भरली त्यावरनं ठरतात. म्हणून हे सगळं फक्त निघण्याबद्दल. माचामे रूट (वर जायच्या वाटांपैकी एक, माचामे गेटपासून सुरू होते) धरून लिहितोय कारण मी त्याच वाटेने गेलो.

आधी एक गोष्ट. इथे आपल्या आपण चढायला परवानगीच नाही, लायसन्सवाला गाईड लागतोच. आठ-दहा जणांचा ग्रुप असला तर गाईड, असिस्टंट गाईड, कुक, पोर्टर धरून तीसेक माणसं सहज होतात. पहिल्यांदा एवढी गर्दी बघून आपल्याला ओशाळल्यासारखं होतं, पण तंबू, गॅस, सात दिवसांचा शिधा, जेवायचं टेबल, खुर्च्या, झालंच तर टॉयलेटचा तंबू, हे सगळं माणसांच्या डोक्यावरूनच वर जातं, तिथे खेचरं वगैरे नसतात.

आता बॅगा. तुमच्याकडे दोन असणार, एक मोठी डफल जी पोर्टर नेणार आणि एक पाठीवरची छोटी सॅक जी तुम्ही नेणार. इथेच लोक चुकतात. सकाळी डफल हातातून गेली की ती संध्याकाळी कॅम्पवरच दिसते, कारण पोर्टर तुम्हाला मागे टाकून केव्हाच पुढे गेलेला असतो. म्हणजे दिवसभरात जे लागेल ते सगळं पाठीवर पाहिजे: रेनकोट, एक गरम लेयर, पाणी, औषधं, टॉयलेट पेपर, हेडलॅम्प, पासपोर्ट, पैसे. आमच्यातल्या एकाने गेटवर ऊन बघितलं आणि पोंचो डफलमध्ये टाकून दिला. माचामेचा पहिला दिवस पूर्ण रेनफॉरेस्टमधून आहे, तिथे गेटवरचं ऊन बघून काही ठरवायचं नसतं. दुपारी दोनला जो धरला पावसाने तो थेट कॅम्पपर्यंत, आणि कॅम्प २८३५ मीटरवर, संध्याकाळी तिथे दात वाजतात. बिचारा ओल्या टीशर्टात डफल शोधत फिरत होता.

डफल मऊच घ्या. चाकांची कडक सुटकेस डोक्यावर कशी घेणार तो माणूस? आतले कपडे ड्राय बॅगमध्ये (पाणी न शिरणारी पिशवी) भरा. साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊच नका, टांझानियात २०१९ पासून बंदी आहे आणि डोंगरावर तर पाण्याच्या वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत.

वजनाचं प्रकरण सिरीयसली घ्या. एका पोर्टरला २० किलोपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही असा नियम आहे, म्हणून कंपन्या आपल्याला साधारण १५ किलोची मर्यादा सांगतात, बाकीच्यात तुमची स्लीपिंग मॅट किंवा किचनचं काहीतरी चढतं. गेटवर वजनकाटा असतो. बॅग लटकवतात, काटा डुलत डुलत थांबतो, आणि सगळे त्या काट्याकडे बघत उभे. आमच्या एका दादांची बॅग १८ च्या वर गेली, मग सगळ्यांसमोर चेन उघडून दोन जीन्स, तीन पॉवरबँक, खाऊचे डबे आणि एक चक्क हेअर ड्रायर बाहेर आला. वहिनींचा आहे म्हणाले, वहिनी हॉटेलवर होत्या. हे सगळं आदल्या रात्री हॉटेलमध्ये करा, जादा सामान तिथेच ठेवून देता येतं.

आणि विमानात बूट पायात घालूनच बसा. बाकी सगळं भाड्याने मिळेल, पायाला सरावलेला बूट मिळत नाही. आमच्यातल्या एकीची चेक-इन बॅग दोन दिवस उशिरा आली. बूट पायात होते म्हणून ती आमच्याबरोबर निघाली तरी.

गेटवर पोचलात म्हणजे लगेच चालायला लागलात असं नाही. रजिस्टरमध्ये नाव, वय, देश, पासपोर्ट नंबर लिहायचा असतो, परमिट व्हायचं असतं, पोर्टर लोकांचं सामान वाटून वजन व्हायचं असतं, त्यात तास-दोन तास आरामात जातात. चिडचिड करू नका. बाटल्या भरा, सनस्क्रीन लावा, शेवटचं बरं टॉयलेट वापरून घ्या आणि गाईडचं नाव विचारा. पुढचे सहा-सात दिवस हा माणूस तुमचा चेहरा बघून तुम्हाला वर न्यायचं की खाली हे ठरवणारे.

गेट स्वतःच साधारण १८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच (कळसूबाई १६४६), आणि चाल इथून पुढे सुरू. कॅम्पपर्यंत साधारण ११ किमी. रस्ता सोपाय, मस्त सावली, पाय एकदम फ्रेश, आणि म्हणूनच घात होतो. सह्याद्रीत दीड तासात गड मारणारी मंडळी इथे सुसाट सुटतात. तुम्हाला दिवसभर एकच शब्द ऐकू येईल, 'पोले पोले', म्हणजे हळूहळू. सुरुवातीला जोक वाटतो. हवा विरळ व्हायला लागली की शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि तो वेळ फिटनेसने कमी होत नाही, मॅरेथॉनवाले पण आडवे होतात. माझी साधी टेस्ट: चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, मध्ये दम खाल्ला तर स्पीड जास्त आहे. गाईडच्या पुढे जायचं नाही, विषय संपला.

मागून पोर्टर आले की बाजूला व्हा, शक्यतो डोंगराच्या अंगाला, आणि काठ्या आवरून धरा. त्यांच्या मानेवर २० किलो आहे, त्यांनी तुमच्यासाठी थांबायचं नाही. 'जांबो' (नमस्कार) म्हणा, 'असांते' (धन्यवाद) म्हणा, हसतात लगेच.

पाणी दिवसाला तीन लिटर तरी, घोट घोट. डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणूनची गोळी) घ्यायची की नाही ते निघायच्या आधी डॉक्टरला विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा, आणि घेतलीत तर बोटांना मुंग्या येतात आणि सारखं लघवीला लागतं, त्याने घाबरू नका. डोकं दुखलं तर गाईडपासून लपवू नका. लोक लपवतात, खाली पाठवतील म्हणून. साधी डोकेदुखी आहे म्हणून कोणी लगेच खाली पाठवत नाही, पण तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर उतरणं हाच इलाज, आणि वेळेत सांगितलं तरच तो उपयोगी पडतो.

टिपचं निघायच्या आधी ग्रुपमध्ये बोलून घ्या, शेवटच्या दिवशी थकलेल्या डोक्याने हिशोब करायला गेलं की भांडणं होतात. कंपनीकडून टीममध्ये किती जण आहेत तो आकडा घ्या, डॉलरच्या छोट्या नोटा ठेवा, त्यातही नव्या आणि कोऱ्या, जुन्या किंवा फाटक्या नोटा तिकडे घेत नाहीत. बुकिंग करतानाच पोर्टरना पगार किती, जेवण किती वेळा, झोपायला तंबू कसा हे विचारा. किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट म्हणून संस्था आहे, ती ज्या कंपन्यांवर लक्ष ठेवते त्यांची यादी असते, ती बघा. स्वस्त पॅकेजमध्ये कापलेला पैसा बहुतेक वेळा याच लोकांच्या ताटातला असतो.

कॅम्पवर पोचलात की आधी तिथल्या रजिस्टरमध्ये सही, मग डफल घेऊन तंबूत, ओले कपडे बदला, मग चहा. आणि हेडलॅम्प उजेडातच बाहेर काढून ठेवा, विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे संध्याकाळ रेंगाळत नाही, सूर्य गेला की वीस-पंचवीस मिनिटांत तंबूचे दोर दिसेनासे होतात आणि पहिल्या रात्री कोणी ना कोणी त्यात अडकून पडतोच.