हाँगकाँगमध्ये नवीन आलात? लेउंग चा पिण्याआधी हे वाचा

पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसमधली एखादी मावशी तुमच्या चेहऱ्यावरची पुटकुळी बघून 'यित हेइ' म्हणणार. घाबरू नका, अंगात उष्णता झालीय एवढंच तिचं म्हणणं. आंब्यांवर आंबे हाणणाऱ्या नातवंडांना आपली आजी दुसरं काय सांगते? इथल्या हिशेबात तळलेलं, हॉटपॉट, लिची, आंबा आणि रात्रीची जागरणं हे सगळं उष्ण. त्यावर उतारा म्हणून मावशी तुम्हाला कोपऱ्यावरच्या लेउंग चाच्या, म्हणजे थंडावा देणाऱ्या काढ्याच्या, दुकानात पिटाळेल.

नावात चहा असला तरी बहुतेक प्रकारांत चहापत्ती नसते, तो काढाच. जुन्या पद्धतीच्या दुकानात भोपळ्याच्या आकाराचं मोठालं पितळी पिंप असतं आणि काउंटरवर काढ्याच्या वाट्या झाकून ठेवलेल्या. लोक येतात, उभ्याउभ्या वाटी रिकामी करतात आणि चालू लागतात. गप्पा मारत चहा प्यायची ही जागा नव्हे.

सुरुवात 'ङ् फा चा'ने करा, म्हणजे पाच फुलांचा काढा. त्यात शेवंती, हनिसकलच्या कळ्या, चाफा आणि काटेसावर हमखास असतात. पाचवं फूल दुकानागणिक बदलतं. हो, आपल्या देवळाबाहेरचा पांढरा-पिवळा चाफा आणि शिमग्याच्या सुमाराला सह्याद्रीत लाल होऊन पेटणारी काटेसावर, तीच ही. मार्च-एप्रिलमध्ये इथल्या रस्त्याकडेला सावरीची फुलं टपाटप पडतात आणि म्हाताऱ्या बायका ती पिशवीत भरून नेतात. पाकळ्या उलगडून फुटपाथच्या कडेला उन्हात पसरलेल्या दिसल्या तर पाय जपून टाका. दमट हवेत अंग जड होतं त्यावर हे फूल चांगलं, असं इथले लोक मानतात.

'या सेइ मेइ' हा मात्र पैलवानांचा आखाडा. नावाप्रमाणे चोवीस वनस्पतींचा काढा. प्रत्यक्षात आकडा कमीजास्त होतो. रंग काळा, आणि चव अशी की किराईताची आठवण यावी. गरमच प्या, एका दमात. बऱ्याच ठिकाणी तोंड गोड करायला सुकवलेला आलुबुखारा मिळतो, तो सोडू नका. आणि हौस म्हणून रोज प्यायचा हा प्रकार नाही. घसा धरलाय, तोंड आलंय तेव्हाच. सर्दीने कुडकुडत असाल, पोट नाजूक असेल, तर इथलेच जाणते लोक 'नको' म्हणतील. दुकानात शिरून काय होतंय ते सांगा. काउंटरवरची बाई जीभ बघून वेगळीच वाटी पुढे करेल. 'म् गोय' (धन्यवाद) म्हणायला विसरू नका.

सुपरमार्केटात मिळणारा लाल डबा वोंग लो कातचा. १८२८ मध्ये क्वांगचौत सुरू झालेलं हे नाव. त्यात शेवंती, चाफा, ज्येष्ठमध वगैरे आहे, पण साखरही भरपूर. माझ्या मते ते सरबत. तहानेला ठीक, औषध म्हणून पिऊ नये.

शाकाहारी मंडळींनी 'क्वाइ लिंग कोउ'पासून सावध राहावं. याच दुकानांत वाटीत मिळणारी ही काळी जेली पारंपरिक कृतीत कासवाच्या पोटाकडच्या कवचापासून करतात, आणि दिसायला मात्र अगदी निरागस असते. तिच्यात तोउ फुक लिंग नावाचं मूळही पडतं, आपल्या चोपचिनीचं सख्खं भावंड. चिनी चोपचिनी सोळाव्या शतकात गोव्यात पोचली होती. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये तिथे छापलेल्या ग्रंथात तिच्यावर सविस्तर लिहिलंय.

आता एक गंभीर गोष्ट. इथे जन्मलेल्या बाळांची जी६पीडी एन्झाइमची तपासणी होते. हे एन्झाइम कमी असलं की काही पदार्थांनी रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. घरात कुणाला ही कमतरता असेल तर हनिसकल आणि कॉप्टिस या वनस्पती टाळायला सांगतात, आणि हनिसकल तर पाच फुलांच्या काढ्यातच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांत ही तपासणी कधी झालेलीच नसते, म्हणून आधी ती करून घ्या. गरोदरपणात, लहान मुलांना किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाही काढा नको.

घरी करायचा असेल तर शोंग वानमधल्या को शिंग स्ट्रीटवर जा, तिथे जडीबुटीची घाऊक दुकानं ओळीने आहेत. माल 'लेउंग' या वजनाच्या मापावर मोजतात (लेउंग चामधला लेउंग वेगळा). हाँगकाँगचा एक लेउंग सुमारे ३७.८ ग्रॅमचा, आणि सोळा लेउंगांचा एक 'कान' (हेही वजनाचं माप). चीनच्या मुख्य भूमीवरचा लेउंग ५० ग्रॅमचा असतो, तेव्हा शेनझेनहून आणलेल्या पुडीशी भाव ताडून बघताना घोळ करू नका. पाच फुलांची तयार पुडी मागितली की कागदात बांधून देतात. फुलं धुवून वीस मिनिटं भिजवा, दीड लिटर पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळा, गाळून खडीसाखर घाला. भांडं मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं घ्या. लोखंडाची कढई नको.