लहान खोलीसाठी फोल्डिंगचा लाकडी बुकरॅक घेताना या चुका टाळा

फोल्डिंगचा बुकरॅक बघायला गेलं की आपण सगळ्यात आधी तो मिटून बघतो. दहा-बारा सेंटीमीटरच्या फटीत मावला की मन खूश होतं आणि सौदा ठरतो. पहिली चूक इथेच होते. रॅक मिटला जातो घर बदलताना किंवा रंगकाम निघालं की, म्हणजे वर्षातून फार तर एकदा-दोनदा. बाकी सगळे दिवस तो उघडा आणि पुस्तकांनी गच्च भरलेला उभा असतो. म्हणून पारख करायची ती उघडलेल्या रॅकची.

पुस्तकांच्या वजनाचा अंदाज बहुतेकांना नसतो. 60 सेंटीमीटर लांबीच्या फळीवर नेहमीच्या डेमी आकाराची, म्हणजे साध्या कादंबरीएवढी, पुस्तकं दाटीनं लावली तर 12 ते 15 किलो सहज भरतात. चकचकीत कागदाचे मोठे चित्रग्रंथ असतील तर हाच आकडा 25 किलोच्या पुढे जातो. चार फळ्यांचा रॅक म्हणजे एका मोठ्या माणसाएवढं वजन, तेही रात्रंदिवस.

त्यात लांब फळीचा मोह. मीही एकदा 90 सेंटीमीटरचा रॅक घेतला होता, मधे उभा आधार नसलेला, कारण तो मोकळा आणि सुंदर दिसत होता. काही महिन्यांतच मधल्या दोन फळ्यांना झोळ आला. जाडी आणि लाकूड तेच ठेवून फळी 60 वरून 90 सेंटीमीटर केली, तर तितक्याच दाटीच्या पुस्तकांखाली ती दीडपट नव्हे, साधारण पाचपट वाकते. याउलट जाडी 12 ऐवजी 18 मिलिमीटर घेतली की वाक एक-तृतीयांशाहूनही कमी उरतो. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: 18 मिलिमीटरची फळी, लांबी 60 ते 70 सेंटीमीटर, त्याहून जास्त नको. जास्त पुस्तकं असतील तर दोन अरुंद रॅक शेजारी-शेजारी लावा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे दुकानात कुणाचंच लक्ष जात नाही: डुगडुगणं. साध्या रॅकच्या पाठीला सलग प्लाय ठोकलेला असतो आणि तोच त्याला काटकोनात धरून ठेवतो. फोल्डिंगच्या रॅकला बहुधा ही पाठ नसते, कारण ती असली तर तो मिटणार कसा? मग उरते नुसती चौकट, आणि चौकटीचे सांधे ढिले झाले की ती एका अंगाला कलते. घेण्यापूर्वी रिकामा रॅक सपाट जमिनीवर उघडा, वरच्या कोपऱ्याला हात लावून भिंतीला समांतर हलकेच ढकला. रिकामा असतानाच तो डोलत असेल, तर भरल्यावर नक्की कलणार. पाठीला तिरकी पट्टी किंवा आडवी रुंद फळी असलेला रॅक निवडा. घरात आधीच असा डोलणारा रॅक असेल तर पाठीमागे दोन उभ्या बाजूंच्या मधे 15-20 सेंटीमीटर रुंदीचा प्लायचा तुकडा स्क्रूनं बसवा. मिटायच्या वेळी चार स्क्रू काढले की झालं.

ज्या रॅकच्या बाजू मधोमध बिजागरीवर आत दुमडतात, त्यांत फळीच बाजूंना ताठ ठेवते. म्हणून फळी खालून उचलून बघा. ती कशातही न अडकता वर येत असेल तर खाच किंवा खिट्टी नाही असं समजा, आणि घरात लहान मूल असेल तर तो रॅक घेऊच नका.

बिजागरी कशात बसवली आहे हेही पाहा. पार्टिकल बोर्डाच्या किंवा एमडीएफच्या (लाकडाचा चुरा किंवा तंतू दाबून केलेल्या फळीच्या) कडेत ठोकलेला स्क्रू दोन-चारदा उघडमीट झाली की भोक मोठं करून सुटतो. भरीव लाकूड किंवा चांगला प्लाय असेल तर तो बराच काळ धरतो. स्क्रू नुसता गोल फिरायला लागला असेल तर जाड स्क्रू घुसवण्याची घाई करू नका. भोकात लाकडाच्या बारीक काड्या गोंदात बुडवून घट्ट भरा, दिवसभर वाळू द्या, वर आलेला भाग कापा आणि तोच स्क्रू पुन्हा बसवा.

मापाच्या बाबतीत फळीच्या खोलीकडे, म्हणजे पुढून मागपर्यंतच्या मापाकडे, लक्ष द्या. डेमी पुस्तक साधारण 14 सेंटीमीटर रुंद असतं, त्यामुळे 20 ते 22 सेंटीमीटर खोलीची फळी पुरते. 30 सेंटीमीटरची फळी लहान खोलीत वाट अडवते, आणि मागे उरलेल्या जागेत दुसरी रांग लागून पुस्तकं विसरली जातात. जमिनीवर त्या मापाचं वर्तमानपत्र पसरून दार, खिडकी आणि पलंगाचा खण उघडून बघा. भिंतीच्या पायथ्याची पट्टी मोजायला विसरू नका. तिच्यामुळे रॅक भिंतीला टेकत नाही. तो थोडा पुढे राहतोच, आणि उंच, कमी खोलीचा रॅक पुढे कलायला तेवढं निमित्त पुरतं. वरचं टोक एल आकाराच्या पट्टीनं भिंतीला जखडा, जड पुस्तकं तळाला ठेवा.

दमट दिवसांत रॅक मिटेनासा झाला तर जोर लावू नका. भरीव लाकूड आडव्या अंगानं फुगतं, जबरदस्ती केली की बिजागरीजवळ तडा जातो. हवा कोरडी होईपर्यंत थांबा. तरीही घासत असेल तर घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती फिरवा, अगदीच नाही जमलं तर बारीक पॉलिश पेपर. पण कोरड्या दिवसातच, नाहीतर लाकूड आकसल्यावर तिथे फट पडते.

नवीन पॉलिश असेल तर पुस्तकं लगेच लावू नका. हाताला कोरडं लागलं तरी आत ते ओलं असू शकतं आणि वजनाखाली पुस्तकांची कव्हरं चिकटतात. आठवडाभर रॅक उघडा ठेवा, वास पूर्ण गेला की मग भरा.