निंबाखालचा ट्रॅक्टर

मामाजींचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर वावरातल्या निंबाखाली सात वर्षं उभा. सीटवर कोंबडी अंडी घालायची. गावातल्या पोरांचा सल्ला एकच, "दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढा, गिअरात टाका, होते चालू." तसं बिलकुल करू नका. पिस्टन गंजून धरला असला तर रिंगा तुटतात.

आधी ऑइलचा बोल्ट काढा. आमच्यातून पहिले वाटीभर पाणी आलं, मग ऑइल. ते ताकासारखं पांढरं असलं तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालची सील) तपासा. एअर क्लीनरात उंदरानं कापसाची गादी केली होती, ती वेगळीच.

मग तिन्ही इंजेक्टर (सिलिंडरात डिझेल फवारणारी तोंडं) काढून भोकांत डिझेल-ऑइल मिसळून थोडंथोडं ओतलं अन् दोन दिवस विसरलो. तिसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून पुढे-मागे, हळूहळू. चौथ्या खेपेला 'चुईं' करून हलली. मामाजींचा तंबाखू घोटायचा थांबला.

टाकी धुवा, फिल्टर, ऑइल नवं टाका, इंजेक्टर तपासून बसवा. आता डिझेलच्या पाइपांतली हवा काढणं. सारे इथंच चुकतात. फीड पंपाची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची, कळ हातानं दाबत राहा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, फेस थांबून निखळ डिझेल आलं की घट्ट कसा. मग इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपावरचा. शेवटी इंजेक्टरच्या पाइपांचे नट ढिले ठेवून स्टार्टर मारा, डिझेल आलं की कसा. तिथं बोट नेऊ नका, ती धार कातडीत घुसते.

चालू करताना एक माणूस फळी घेऊन इंजिन हवा ओढते त्या तोंडाशी ठेवा. रेस वाढून इंजिन बंद होईना तर फळीनंच तोंड दाबायचं, हातानं नाही.

आमचं पांढरा धूर ओकत चालू झालं. कोंबडी तेवढी रागावली.