पावसात उतरताना झालेला विमान अपघात: अहवाल कुठून वाचायला घ्यावा

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. सरावाला केरळमधल्या कोझिकोडचा, ७ ऑगस्ट २०२० च्या विमान अपघाताचा अहवाल घ्या. किनारा आपलाच, पाऊसही तोच, आणि धावपट्टी गोव्यातल्या मोपा विमानतळासारखी पठारावर.

आधी हवामान. मेटारमधली (विमानतळाच्या हवामान-नोंदीतली) वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. दृश्यमानता आणि आरव्हीआर एक समजू नका. आरव्हीआर म्हणजे धावपट्टीवरून प्रत्यक्ष किती लांबवर दिसतं ते. साध्या कॅट-१ आयएलएससाठी (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरण्याच्या यंत्रणेच्या पहिल्या श्रेणीसाठी) ५५० मीटर आरव्हीआर लागतो. २०० फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर पुन्हा वर जायचं.

मग वारा. गोव्यातल्या दाबोळी विमानतळाचं उदाहरण घेऊ. पट्टी २६ वर (आकडा दिशेचा, सुमारे २६० अंश) विमान पश्चिमेकडे तोंड करून उतरतं. पावसाळ्यात वारा बहुधा समोरून येतो, म्हणून सोयीचं. पण सर येताना वारा फिरून ११० अंशांवरून, म्हणजे पूर्व-आग्नेयेकडून, १२ नॉट (ताशी सागरी मैल) झाला, तर पाठीमागून सुमारे १० नॉट लागतो. कोझिकोडला पाठवारा १४ नॉटच्या आसपास होता, आणि पट्टी ओली.

आता खरा भाग: जमिनीपासूनच्या उंचीचे शेवटचे १,००० फूट. ढगात असताना वेग, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा), चाकं आणि उतरण्याचा दर इथवर जागेवर बसलेले हवेत. तीन अंशांच्या उतारासाठी जमिनीवरचा वेग नॉटमध्ये घेऊन पाचने गुणा. १५० नॉटला मिनिटाला ७५० फूट. दर १,००० च्या वर टिकून राहिला, तर ॲप्रोच, म्हणजे उतरण्याची वाट, बिघडलीच. कोझिकोडला तो १,५०० पर्यंत गेला होता.

टेकल्याची जागाही मोजा. २,७०० मीटरच्या पट्टीवर विमान सुमारे १,३५० मीटरवर टेकलं. टेकायचा पट्टा पहिल्या ९०० मीटरचा. २१ जण गेले, दोन्ही वैमानिकांसह.

कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. वाचणारे इथेच अडकतात, कारण ते डोळ्यांसमोर उभं राहतं. पण सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ (पुन्हा वर जा) म्हटलं होतं. ते शब्द कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरच्या उताऱ्यात शोधा, शेजारी त्या सेकंदाचा वेग आणि उंची लिहा. ते ऐकून कॅप्टन वर का गेले नाहीत, आणि सहवैमानिकाने नियंत्रण हातात का घेतलं नाही, हे प्रश्न तिथून सुटायला लागतात. ‘संभाव्य कारण’ हे पान त्यानंतर उघडा.