वादग्रस्त वक्ता प्रशालेत बोलावताना: मुख्याध्यापकांसाठी काही सूचना

जिल्हा परिषदेच्या प्रशालेत पाहुणा येतो तो बहुधा कोणाच्या तरी ओळखीने. सरपंचांचे मेहुणे असतात, केंद्रप्रमुखांचे जुने मित्र असतात, किंवा एखाद्या शिक्षकाने तालुक्याच्या ठिकाणी ऐकलेले वक्ते असतात. फोन होतो, तारीख ठरते, शाल आणि श्रीफळ आणले जाते, आणि पाहुणे नेमके काय बोलणार आहेत हा प्रश्न ते माईकसमोर उभे राहीपर्यंत कोणालाही पडत नाही. मग आरक्षण, बालविवाह, ऊसतोड कामगारांचे हाल, जत्रेतला पशुबळी किंवा मासिक पाळी यांपैकी एखादा विषय निघतो, दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांची चित्रफीत तालुकाभर फिरते, आणि मुख्याध्यापक शिक्षणाधिकाऱ्यांसाठी खुलासा लिहीत बसतात. त्या अनुभवानंतर पुढची पाच वर्षे त्या शाळेत फक्त 'यशाची गुरुकिल्ली' या विषयावर व्याख्याने होतात.

परभणी जिल्ह्यात मुख्याध्यापक म्हणून काम करताना मी नशिबावर हवाला ठेवून वक्ते बोलावले आहेत आणि घाबरून एक व्याख्यान रद्दही केले आहे. दोन्ही गोष्टी करू नयेत असे माझे मत आहे. वादाचा बंदोबस्त व्याख्यानाच्या दिवशी होत नसतो. तो निमंत्रणाच्या आधी कागदावर करावा लागतो, आणि तो करताना वक्त्याच्या बोलण्याइतकीच, किंबहुना अधिक, काळजी मुलांच्या विचारण्याची घ्यावी लागते.

हक्क कोणाचा

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून घ्यावा. संविधानाचा अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषणाचे स्वातंत्र्य देतो आणि १९(२) त्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशा ठरावीक कारणांसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा देतो. परंतु याचा अर्थ कोणत्याही वक्त्याला शाळेचे व्यासपीठ हक्काने मागता येते असा होत नाही. प्रशालेचे मैदान म्हणजे आठवडी बाजाराचा चौक नव्हे. तेथे कोणाला बोलवायचे हे शाळेने शैक्षणिक कारणाने ठरवायचे असते, आणि न बोलावल्याने कोणाच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही.

मुलांची गोष्ट वेगळी आहे. ती शाळेत पाहुणी नाहीत. केरळमधील तीन भावंडे धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हणत नसत, मात्र त्या वेळी आदराने उभी राहत असत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ च्या बिजो इमॅन्युएल निकालात त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. भाषणस्वातंत्र्यात गप्प राहण्याचे स्वातंत्र्यही येते, हे भारतातील शाळकरी मुलांच्या बाबतीत तेव्हाच ठरले आहे. म्हणून वक्त्याने "सर्वांनी हात वर करून शपथ घ्या" असे म्हटले आणि एखाद्या मुलीने हात वर केला नाही, तर तिच्याकडे डोळे वटारून पाहणाऱ्या शिक्षकाने हा निकाल आठवावा.

धर्माच्या बाबतीत अनुच्छेद २८ अधिक काटेकोर आहे. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलाला त्यात बसवता येत नाही. कीर्तनकार महाराजांना व्यसनमुक्तीवर बोलायला बोलावणे, किंवा मौलवी साहेबांकडून सुफी परंपरेचा इतिहास ऐकणे, हे धार्मिक शिक्षण ठरत नाही. मुलांकडून माळ घालण्याचा किंवा कलमा पढण्याचा आग्रह मात्र ठरतो. राजकीय पदाधिकाऱ्यांबद्दल फार लिहायला नको: निवडणुकीची आचारसंहिता असताना त्यांचे नाव यादीत घेऊच नये.

निमंत्रणाआधीचा कागद

२०२४ मध्ये चेन्नईच्या अशोक नगरमधील सरकारी मुलींच्या शाळेत एका प्रेरणादायी वक्त्याला बोलावण्यात आले होते. त्याने मुलींसमोर पूर्वजन्मीच्या पापांचे फळ म्हणून अपंगत्व येते अशा आशयाचे प्रतिपादन केले. तेथील एका दृष्टिहीन शिक्षकाने जागच्या जागी आक्षेप घेतला, तेव्हा वक्ता त्यांच्याशीच हुज्जत घालू लागला. पुढे वक्त्याला अटक झाली आणि मुख्याध्यापकांच्या बदल्या झाल्या. या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकते ते वक्त्याचे अज्ञान नव्हे. सभागृहात एक शिक्षक एकटा उभा राहून प्रश्न विचारत होता आणि त्याला प्रश्न विचारण्याची ठरलेली जागाच नव्हती, हे मला खटकते.

म्हणून निमंत्रण देण्यापूर्वी एक पानाचे टिपण तयार करावे. हा विषय कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठाशी किंवा गावातील कोणत्या प्रश्नाशी जोडलेला आहे, हे त्यात पहिल्या ओळीत लिहावे. ही ओळ लिहिता येत नसेल तर वक्ता कितीही मोठा असला तरी बोलावू नये. वक्त्याची किमान दोन पूर्ण भाषणे कोणत्या तरी शिक्षकाने ऐकलेली असावीत. पूर्ण म्हणजे पूर्ण. मोबाईलवर आलेल्या तुकड्यांवरून कोणालाही पसंत करू नये आणि नापसंतही करू नये. ठाम, कडवट किंवा गावातल्या बहुमताच्या विरुद्ध मत असणे हे नाकारण्याचे कारण नाही. एखाद्या जातीचे किंवा धर्माचे नाव घेऊन तुच्छतेने बोलण्याची सवय असणे हे मात्र पुरेसे कारण आहे, आणि समाजगटांत वैर पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हाही आहे. पाचवी ते दहावी सगळी शाळा सतरंजीवर आणून बसवण्याची आपली सवयही येथेच सोडावी. अशा विषयांसाठी नववी आणि दहावी पुरे.

हे टिपण शाळा व्यवस्थापन व विकास समितीच्या बैठकीत ठेवून इतिवृत्तात नोंदवावे आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. एखाद्या परिपत्रकाने पूर्वपरवानगी आवश्यक केली असेल तर ती घ्यावी. नसेल तर कार्यक्रमाची माहिती कळवावी, परवानगीची याचना करू नये. हा फरक मराठवाड्याला सांगण्याची खरे तर गरज पडू नये. निजामाच्या राजवटीत 'गश्ती निशाण ५३' या परिपत्रकाने सभेसाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली होती, आणि १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला होता. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंड्याखाली उभे राहून आपण मुलांना हे सांगतो.

वक्त्याला जाणारे पत्र गोड असण्यापेक्षा स्पष्ट असावे. माझ्या पत्रातील मजकूर साधारण असा असे: "आपण इयत्ता नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर पस्तीस मिनिटे बोलावे, अशी विनंती आहे. त्यानंतर पंचवीस मिनिटे विद्यार्थी प्रश्न विचारतील. ते प्रश्न आम्ही आधी तपासून देणार नाही. कोणत्याही व्यक्तीचा, जातीचा किंवा धर्माचा अवमान होईल असे विधान, मतांचे आवाहन, वस्तूंची विक्री व वर्गणी यांस शाळेत परवानगी नाही. कार्यक्रमाचे संपूर्ण ध्वनिचित्रमुद्रण शाळा स्वतःकडे ठेवील." प्रश्नांची अट वाचून दोन वक्त्यांनी मला नकार कळवला. त्या दोघांना न ऐकल्याने माझ्या मुलांचे काही बिघडले असे मला वाटत नाही.

पालकांना आठवडाभर आधी लेखी सूचना द्यावी. एखाद्या पालकाला आपले मूल बसवायचे नसेल तर ते मूल त्या वेळेत ग्रंथालयात बसेल, त्याची हजेरी लागेल आणि त्याला कोणी टोमणा मारणार नाही, हेही त्यात लिहावे. मासिक पाळीवरील व्याख्यानाच्या सूचनेनंतर एक पालक सकाळीच कार्यालयात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, लेकरायला हे कशाला सांगायलेत? घरी बाया हाईत की सांगायला." त्यांना कायदा ऐकवून उपयोग नव्हता. मी त्यांना चहा दिला आणि मागच्या रांगेत बसून ऐकण्याचे निमंत्रण दिले. ते आले, अर्ध्यातून उठून गेले, आणि त्यांची मुलगी शेवटपर्यंत बसली.

फोन आल्यावर

व्याख्यानाच्या दोन दिवस आधी फोन येतो. माझ्याकडे तो अंधश्रद्धा निर्मूलनावरच्या व्याख्यानाच्या वेळी आला होता. "गावाचं वातावरण बिघडलं तर जिम्मेदारी तुमची," एवढेच समोरचा माणूस म्हणाला, आणि मी त्याच संध्याकाळी वक्त्यांना येऊ नका असे कळवले. महाराष्ट्रात या विषयावर बोलणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झालेली आहे. त्यामुळे अशा फोनची भीती खोटी नसते. पण ज्या वर्षी हत्या झाली त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि त्या कायद्याची माहिती मुलांना देणाऱ्या माणसाला मी एका निनावी फोनवरून परत पाठवले, हेही तितकेच खरे आहे. रद्द करण्याचे कारण म्हणून मी नोंदवहीत 'पाऊस' असे लिहिले होते. ते दिवस उन्हाळ्याचे होते.

योग्य रीत पुढीलप्रमाणे आहे. फोन करणाऱ्याला आक्षेप लेखी देण्यास सांगावे. बहुतेक फोन तेथेच संपतात. फोनची तारीख, वेळ आणि शब्द नोंदवून ठेवावेत, आणि धमकीचा सूर असेल तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी. लेखी आक्षेप आला तर समितीसमोर ठेवून लेखी उत्तर द्यावे. आक्षेपात तथ्य असेल, म्हणजे वक्त्याच्या पूर्वीच्या भाषणातील एखादे विधान आपल्या नजरेतून सुटले असेल, तर निमंत्रण मागे घेण्यात कमीपणा नाही. केवळ गोंधळ होईल या धाकाने मात्र माघार घेऊ नये. एका चित्रपटावरून झालेल्या एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये असे म्हटले आहे की निदर्शने आणि हिंसेच्या धमकीपुढे झुकून अभिव्यक्ती दडपता येत नाही, आणि सुव्यवस्था राखणे हे शासनाचेच काम आहे. पोलिसांनी बंदोबस्त शक्य नाही असे लेखी कळवले तर तारीख बदलावी. वक्ता बदलू नये.

व्याख्यानाच्या दिवशी

वक्त्याला मुलांसोबत एकटे सोडू नये, मग तो कितीही प्रतिष्ठित असो. ध्वनिक्षेपकाचे कर्णे गावाकडे तोंड करून लावू नयेत. शाळेभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, हे शाळाच सर्वांत आधी विसरते. चित्रीकरण शाळेच्या एकाच मोबाईलवर आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावे, म्हणजे उद्या कोणी दोन मिनिटांचा तुकडा फिरवला तर आपल्यापाशी पूर्ण भाषण असते.

वक्ता घसरला तर काय करावे, हे सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकाला आधीच सांगून ठेवावे. माईक बंद करणे हा शेवटचा उपाय आहे. शिक्षकाने उभे राहावे, "सर, आपण पत्रात ठरलेल्या विषयाकडे येऊ या," असे सर्वांना ऐकू जाईल असे म्हणावे, आणि चुकीचे विधान झाले असेल तर तेही तेथेच मुलांसमोर सांगावे. वक्त्याचा मान राखण्याच्या नादात गप्प बसणे आपल्याकडे फार होते.

प्रश्न तोंडी विचारायला सांगितले की पहिल्या रांगेतली तीन मुले उभी राहतात आणि वेळ संपतो. म्हणून कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात, नाव लिहू नका असे सांगावे, आणि त्या खडूच्या रिकाम्या खोक्यात गोळा करून शिक्षकाने न निवडता, हाताला येईल त्या क्रमाने वाचाव्यात. कोणाच्या नावाने शिवीगाळ असेल किंवा कोणाची ओळख उघड होत असेल तेवढीच चिठ्ठी बाजूला ठेवावी. तो रद्द केलेला कार्यक्रम मी पुढच्या वर्षी घेतला, तेव्हा वहीच्या फाटक्या कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी निघाली: "आमच्या आईच्या अंगात येतं. ते खोटं असेल तर नंतर ती रडते ते पण खोटं का?" वक्ते पट्टीचे बोलणारे होते, तरी थांबले. मग म्हणाले, "रडणं खरं आहे. मी भाषणात त्याबद्दल बोललो नाही, ते माझं चुकलं." पस्तीस मिनिटांच्या भाषणातले मला आज काही आठवत नाही, हे उत्तर आठवते.

दुसऱ्या दिवशी

कार्यक्रमानंतर आभार मानून विषय संपवू नये. दुसऱ्या दिवशी एक तासिका वर्गात द्यावी आणि मुलांना एकच काम सांगावे: पाहुण्यांचे जे वाक्य पटले नाही ते लिहून का पटले नाही ते अर्ध्या पानात मांडा. सगळे पटले असे लिहिणारे मूलही असेल. त्याच्यावर दबाव आणू नये. शिक्षकाने या तासिकेत स्वतःचे मत सांगू नये, निदान सुरुवातीची वीस मिनिटे तरी. विरुद्ध बाजूचा वक्ता बोलवायचा असेल तर तो प्रत्येक वेळी बोलावलाच पाहिजे असे मी मानत नाही. आरक्षणाला दोन बाजू असतात. मुलीचे लग्न अठराच्या आत करावे की नाही, याला कायद्यात दोन बाजू नाहीत, आणि समतोलाच्या नावाखाली तशी दुसरी बाजू उभी करू नये.

उरलेल्या चिठ्ठ्या फेकू नयेत. वेळेअभावी वाचता न आलेल्या चिठ्ठ्या पाकिटात घालून, त्यावर तारीख टाकून, वक्त्यांना टपालाने पाठवाव्यात आणि उत्तर आल्यास ते सूचना फलकावर लावावे. टिपण, ठराव, पत्र, आक्षेप आणि ध्वनिचित्रमुद्रण एकाच फाईलमध्ये ठेवून ती कपाटाच्या वरच्या खणात ठेवावी. आपली बदली झाल्यावर पदभार घेणाऱ्या मुख्याध्यापकांच्या हाती ती चाव्यांसोबत द्यावी.