एसपीटीचा आकडा सूत्रात घालण्याआधी या चुका टाळा

एसपीटी म्हणजे प्रमाण भेदन चाचणी: बोअरच्या तळाच्या मातीत नमुना घेणारी नळी (स्पून) हातोड्याने ठोकायची; पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढच्या ३० सेंटिमीटरला लागलेले ठोके म्हणजे एन. बोअर लॉगवर, म्हणजे बोअरच्या नोंदपत्रावर, ‘एन = २०’ दिसलं की हात लगेच तक्त्याकडे जातो: घर्षणकोन इतका, सापेक्ष घनता इतकी. पण तो २० एकट्या मातीचा नसतो. त्यात हातोडा, दोर, रॉड आणि बोअरचा तळ यांचाही वाटा असतो, आणि अंदाज बहुधा तिथेच फसतो.

आधी ऊर्जा. ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटिमीटरवरून पडतो, हे कागदावर सगळीकडे सारखं. रॉडपर्यंत पोचणारी ऊर्जा मात्र सारखी नसते. हाताने दोर ओढून चालवलेल्या हातोड्यात ती ४५ टक्क्यांच्या आसपास असू शकते, स्वयंचलित हातोड्यात ८० टक्के किंवा त्याहून जास्त. आज वापरातली बरीच सूत्रं ६० टक्के ऊर्जेवर बेतलेली आहेत. म्हणजे तेच २० ठोके पहिल्या हातोड्याचे असतील तर १५ धरायचे, दुसऱ्याचे असतील तर जवळपास २७. लॉगवर हातोड्याचा प्रकार लिहिलेला नसेल तर विचारून घ्या. आणि सूत्र जुनं असेल, दुरुस्ती न केलेल्या आकड्यांवर बांधलेलं असेल, तर त्यात दुरुस्त केलेला आकडा घालू नका.

सगळ्यात फसवी चूक बोअरच्या तळाशी होते. समजा वाळूत ४.५ मीटरला १८ ठोके, ६ मीटरला ५ आणि ७.५ मीटरला २० आले. मधे सैल थर आहे असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. पण बेलर (बोअरमधला गाळ उपसायचं भांडं) घाईने वर ओढला किंवा बोअरमधलं पाणी भूजल पातळीच्या खाली गेलं, तर बाहेरचं पाणी तळातून आत घुसतं, वाळू उसळते आणि सैल होते. मग आपण मोजतो ती आपणच बिघडवलेली वाळू. ओळखायचं कसं? स्पून सोडण्यापूर्वी टेपने खोली मोजा. खोदलेल्या खोलीपेक्षा कमी भरली तर तळात गाळ आहे. तो काढल्याशिवाय चाचणी घेऊ नका. बोअरमधलं पाणी भूजल पातळीच्या वरच राहू द्या. केसिंग (बोअरची भिंत धरून ठेवणारा पाइप) चाचणीच्या खोलीखाली ठोकलेलं असेल तर उलटं होतं, आकडा फुगतो.

पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके एनमध्ये धरायचे नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही ते लॉगवर लिहा. तळ बिघडल्याची खूण अनेकदा तिथेच सापडते.

वाळूत अधिभाराची, म्हणजे वरच्या मातीच्या भाराची, दुरुस्ती राहून जाते. त्या खोलीवरचा परिणामी ताण (पाण्याचा दाब वजा करून उरलेला) १६० किलोपास्कल असेल तर एनचा गुणक १०० भागिले १६० याचं वर्गमूळ, म्हणजे ०.७९. उथळ थरात हाच गुणक वाढत जातो, म्हणून त्याला २ ची मर्यादा घालतात. चिकणमातीला ही दुरुस्ती लावू नका.

पाण्याखालच्या घट्ट, बारीक गाळवाळूत ठोक्यांमुळे ऋण रंध्रदाब (कणांमधल्या छिद्रांतल्या पाण्याचा, कणांना आवळून धरणारा दाब) तयार होतो आणि एन वाढतो. १५ च्या वरचा भाग निम्मा धरायची जुनी रीत त्यासाठीच आहे. खडीत तर एखादा दगड स्पूनच्या तोंडाशी अडकला तरी रिफ्यूजल मिळतं, म्हणजे स्पून पुढे जायचाच थांबतो. अशा वेळी स्पूनमध्ये नमुना किती आला ते पाहा. नमुना जवळजवळ नाही आणि ठोके ५०, तर तो आकडा सरासरीत घेऊ नका.

मऊ चिकणमातीत एन २ आहे की ३ यावरून कातरबल (घसरण्याला विरोध करायची मातीची ताकद) ठरवणं मला पटत नाही. एका ठोक्याने उत्तर दीडपट होतं. तिथे व्हेन शिअर (मातीत पाती फिरवून) किंवा शंकू (टोकदार शंकू दाबून) चाचणी घ्या. शंकूतही टोकाच्या रोधाला रंध्रदाबाची दुरुस्ती करा, आणि रोधावरून कातरबल काढताना ज्याने भागतात तो भाजक गुणांक साधारण १० ते २० मध्ये कुठेही असू शकतो म्हणून त्याच जागेवरच्या व्हेन किंवा प्रयोगशाळेतल्या निकालाशी तो जुळवून घ्या.