फवारणी पंप, पॉवर विडर, जनरेटर: इथेनॉलच्या पेट्रोलात या चुका टाळा

सांगोल्याकडं डाळिंबाचा बहार धरला की इंजिन दुरुस्तीच्या दुकानांपुढं पंपांची रांग लागते. तक्रार एकच: मागच्या बहारात झकास चालला, आता दोरी ओढून खांदा गेला तरी चालू होत नाही. निदानही ठरलेलं: "सगळा त्या इथेनॉलचा घोळ."

निदान अर्धंच खरं आहे. देशात 2022 च्या जूनमध्ये पेट्रोलात 10 टक्के इथेनॉल झालं आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांचा टप्पा आला. आपल्याच उसाच्या मळीचं इथेनॉल आपल्याच पंपात येतं, त्यात सोलापूरकरानं नवल करायचं कारण नाही. ताज्या पेट्रोलात ते सहसा फार छळत नाही. छळतं ते टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेलं.

टाकी भरून पंप माळ्यावर टाकणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. इथेनॉल पाणी ओढून घेतं. 10 टक्के इथेनॉलच्या लिटरभर पेट्रोलात साधारण चहाचा चमचाभर पाणी विरघळून राहतं, ई-20 मध्ये, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात, त्याहून जास्त मावतं. त्यापुढं गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. इंजिन नेमकं तळातूनच पेट्रोल ओढतं.

एवढं पाणी नुसत्या हवेतून येत नाही. पंप धुताना झाकण सैल राहतं, कॅन पावसात बांधावर राहतो, ओलं नरसाळं तसंच लावलं जातं. टू-स्ट्रोकला, म्हणजे ज्याचं ऑइल पेट्रोलातच मिसळतात त्या इंजिनाला, तर दुहेरी मार. ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, तळाच्या थरात जवळपास नसतंच. म्हणजे इंजिन ऑइलशिवाय चालतं आणि पिस्टन धरतो.

अशा पंपाची कार्बोरेटरची वाटी एकदा स्वतः उघडून बघा. तळाला पांढरट भुकटी, पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी जेटभोवती हिरवट बुरा, कडेला चिकट तांबूस राप. जेट काढून आभाळाकडं धरला तर भोकातून उजेडाचा ठिपका दिसायला हवा. तो दिसत नसेल तर दोरी किती का ओढा, उपयोग नाही.

पंप महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. वाटीला ड्रेन स्क्रू असेल तर उरलेलं थेंबभरही काढून टाका. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना, विडी-काडीपासून लांब करायचं.

पेट्रोल बिघडलंय का, हे बघायला तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले किंवा गढूळ वाटलं तर ते पेट्रोल वापरायचं नाही. त्यात ताजं मिसळून "काम भागवणं" ही वेगळी चूक नव्हे, याच चुकीचा पुढचा भाग.

जेटमध्ये तार घालणं

जेट पितळेचा, पितळ मऊ आणि भोक बारीक. तारेनं ते रुंदावलं की पेट्रोल जास्त जातं, धूर वाढतो, प्लग काळा पडतो. कार्बोरेटर क्लीनर मारा आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा द्या. तेवढ्यानं निघालं नाही तर नवा जेट घ्या.

मिळेल ती नळी लावणं

सलाईनची नळी, लेव्हल पाइप, जे हाताला लागेल ते लावायची आपल्याकडं सवय आहे. नळी पारदर्शक असल्यानं पेट्रोल दिसतं, म्हणून माणूस खूश. थोड्या दिवसांत ती पिवळी पडून काडीसारखी कडक होते आणि जोडाशी तडकते. तापल्या इंजिनावर पेट्रोल टपकणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. दुकानदाराला स्पष्ट विचारा: इथेनॉलला चालणारी फ्यूल नळी आहे का?

हीच गोष्ट वायसर, ओ-रिंग आणि डायफ्रामची (कार्बोरेटरमधल्या पातळ पडद्याची). जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं, मग वाळल्यावर ते आखडतं. पाठीवरच्या टू-स्ट्रोक पंपात डायफ्राम कडक झाला की इंजिन आयडलला चालतं, पण रेस दिली की बसतं. बाहेर काढलेली ओ-रिंग खाचेत परत बसत नसेल तर दाबून बसवू नका, बदला. फोर-स्ट्रोकमध्ये निडलची (वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईची) टोकाची रबरी बाजू फुगली की पेट्रोल अडत नाही, ओव्हरफ्लो होतो आणि पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालूच करू नका. आधी निडल, मग ऑइल बदला.

चोक अर्धा ठेवून काम रेटणं

जनरेटरची रेस आपोआप वर-खाली होते, चोक थोडा ओढला की शांत होते. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो, त्यामुळं त्याला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. कारमधलं इंजेक्शन हे सांभाळून घेतं, पण पंपाच्या कार्बोरेटरचा जेट ठरलेला. त्यात तो थोडा जरी बुजला तरी मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. सोलापूरच्या मे महिन्यात त्याला आणखी तापवायची हौस कशाला? जेट साफ करा. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत 10 टक्के इथेनॉलचीच मर्यादा असते, तेव्हा नवं इंजिन घेताना ई-20 चालतं का, हे बिलाआधी विचारा.

पाणी घालून इथेनॉल "काढणं"

पेट्रोलात पाणी टाकून हलवायचं, खालचा थर काढायचा, वरचं वापरायचं: हा उपाय मोबाइलवर फिरतो. थर वेगळे होतात हे खरं. पण इथेनॉलचा ऑक्टेन (इंजिन न ठोकता जळण्याची ताकद सांगणारा आकडा) 108 च्या आसपास, आणि तेल कंपन्या तो धरूनच पेट्रोल बनवतात. ते काढलं की उरलेल्याचा ऑक्टेन घसरतो, इंजिन ठोकायला लागतं आणि ओलावा तसाच राहतो. शिवाय बादलीत पेट्रोल ढवळायचं, तेही घरात. त्यापेक्षा पंधरा दिवसांत संपेल एवढंच पेट्रोल आणा, टू-स्ट्रोकचं ऑइल फवारणीच्या दिवशीच मिसळा आणि कॅनवर खडूनं तारीख लिहा.